भोपळा कुणाच्या वेलाचा

टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटाकडून आत वळलं की एक गल्ली लागते. गल्लीत पिठाची गिरणी आहे, पुढं शिंप्याचं दुकान आहे, आणि या दोघांच्या मधोमध समुद्रात बुडी मारायच्या सामानाचं दुकान आहे. नवा माणूस पाटी वाचतो, मागं वळून गिरणीकडं बघतो आणि पुन्हा पाटी वाचतो. बेळगावात समुद्र कुठला? घाट उतरल्याशिवाय खारं पाणी दिसत नाही. पण दुकानाचा मालक नागेंद्र गुंजीकर याच्याकडं उत्तर तयार असायचं. "दर्याकाठच्या माणसाला दर्याचं काय कौतुक वो? लांबचाच माणूस हौसेनं जातोय."

खानापूरकडच्या शेतकरी घरातला हा गडी. पोहायला शिकला तो मळ्यातल्या विहिरीत, मालुबाई आत्याच्या हाताखाली. आळीतली सगळी पोरं तिनंच शिकवली. पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा, काठावरून ढकलायचं, आणि खाली पाण्यात मालुबाई कासोटा मारून उभीच. तिचा एक नियम होता. ज्यानं भोपळा बांधला, त्यानं पाण्यात उतरायचं. एखादी आई घरूनच पोराच्या पाठीला भोपळा बांधून घेऊन आली तर मालुबाई म्हणायची, "तू बांधलीस न्हवं? मग ये खाली लुगड्यासकट." बाई लाजून गाठ सोडायची आणि मालुबाई ती पुन्हा आपल्या हातानं मारायची.

पुढं नागेंद्र नौदलात गेला, पाणबुड्याची नोकरी करून निवृत्त झाला आणि हे दुकान टाकून बसला. नियम मात्र आत्याचाच चालवला. शिकायला येणाऱ्यांना तो आधी पोहण्याच्या तलावात तयार करायचा. कुणी त्याच्याकडून मास्क, पायात घालायचे फिन्स, सूट घेतला की मालवणच्या समुद्रातल्या त्याच्या पहिल्या बुडीला नागेंद्र स्वतः सोबत उतरायचा. त्याची बायको मंगल बेळगावातल्याच शहापूरच्या विणकरांच्या घरातली. ती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीवर रेशमी दोऱ्यानं नाव भरून द्यायची. रेशमी दोऱ्यानं नाव भरलेली पिशवी खाऱ्या पाण्याला घेऊन जाणारं गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्या गावात सापडायचं नाही.

पण अलीकडं लोकांनी एक नवंच सुरू केलं होतं. दुकानात यायचं, मास्क तोंडाला लावून बघायचे, नागेंद्रला हजार शंका विचारायच्या, आणि मापाचा मास्क सापडला की बाहेर जाऊन मोबाइलवर तोच मागवायचा. कुणाचा भाऊ दुबईहून आणायचा, कुणी गोव्याला गेलं की उचलायचं. मग पट्टा तुटला की हेच लोक हसत हसत परत दारात. "गुंजीकर सर, एवढं जरा बघा की."

नागेंद्रनं दोन-तीनदा मुकाट्यानं बघून दिलं. चौथ्यांदा त्यानं पाटी लावली. 'बाहेरून घेतलेला माल येथे तपासला अगर दुरुस्त केला जाणार नाही. आग्रह करू नये.' वर कन्नडात, खाली मराठीत, त्याखाली इंग्रजीत. रुसवा तिन्ही भाषांत सारखाच उतरला होता.

आता खरं सांगायचं तर आमच्या या सीमेवरच्या माणसाला 'बाहेरून का आणलंस' असं विचारणंच मुळात चुकीचं. इथं प्रत्येकाचं काही ना काही पलीकडचंच असतं. कोल्हापूरची गाडी निपाणीला येऊन टाकी भरून परत जाते, निपाणीची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूर गाठतात, आणि बेळगावचा माणूस गोव्याहून काय काय आणतो ते विचारूच नये. खुद्द नागेंद्रच्या घरातल्या फरशा, पंखे आणि जावयाची अंगठी यांतलं काहीही बेळगावचं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण स्वतःच्या दुकानाची गोष्ट आली की माणसाला हे आठवत नाही, तसं नागेंद्रलाही आठवलं नाही.

या सगळ्या गिऱ्हाइकांत एक माणूस वेगळा होता. उपेंद्र सबनीस. टिळकवाडीतलंच जुनं घराणं, नोकरी निपाणीच्या शाळेत, विषय भूगोल. जन्मभर पोरांना समुद्राचे प्रवाह शिकवले आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण समुद्रात गुडघ्याच्या वर कधी गेलोच नाही. मग ते एके दिवशी नागेंद्रच्या दुकानात आले आणि म्हणाले, "सर, मला समुद्राचा तळ बघायचाय."

नागेंद्रला ते वाक्य फार आवडलं. एरवी लोक येऊन फोटो चांगले येतात का ते विचारत.

दोघं एकमेकांना सर म्हणत. सबनीस सरांना मास्क बसेना, कारण त्यांच्या भरघोस मिशीतून पाणी आत शिरायचं. नागेंद्रनं मिशी कापायला सांगितली. त्यांनी आधी व्हॅसलिन लावून बघितलं, मग कातरून बघितली, आणि शेवटी एका सकाळी सफाचट करून आले. त्यांच्या बायकोनं, नीलाबाईंनी, म्हणे दिवसभर तोंडाकडं बघितलं नाही. मास्क बिनपट्ट्याचा तोंडाला लावून नाकानं श्वास ओढायचा; तो हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो आपल्या मापाचा. सरांचा मास्क जेव्हा पहिल्यांदा तसा चिकटून राहिला तेव्हा दुकानातली तिन्ही माणसं हसत सुटली होती.

सगळा पावसाळा ते सकाळी तलावात शिकायचे आणि संध्याकाळी दुकानात यायचे. चहा व्हायचा. नागेंद्र त्यांना समुद्राखाली कान कसे मोकळे करायचे ते सांगायचा आणि ते नागेंद्रला, तो ज्या समुद्रात नोकरीभर उतरला त्याचं पाणी कुठून कुठं वाहतं ते सांगायचे. नागेंद्रला मित्र फार नव्हते. नौदलातले गावोगाव पांगले, गावाकडचे शेतात अडकले. सबनीस सर आपले मित्र आहेत असं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण साडेपाचच्या सुमाराला तो मंगलला दूध आहे का म्हणून विचारायचा.

सरांचा सगळा संच त्यानं मागवून ठेवला. मास्क, फिन्स, पाठीवरच्या सिलेंडरमधली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर आणि आपल्याकडच्या कोमट समुद्राला चालेल असा पातळ सूट. मंगलनं पिशवीवर नाव भरलं. सर म्हणाले होते, "पुढच्या महिन्यात नेतो." मग दिवाळी गेली, थंडी पडली, सरांचं येणं तुटक झालं. पिशवी काचेच्या कपाटात तशीच राहिली.

संक्रांत झाली आणि सर आले. हातात इंद्रायणी तांदळाची मोठी पिशवी होती आणि ती त्यांनी अशी धरली होती की जणू तीत खरंच तांदूळ आहेत. काउंटरवर ठेवली. आतून काळा सूट निघाला, रेग्युलेटर निघाला, चकचकीत फिन्स निघाले.

"चिन्मयीनं पाठवलंय," सर म्हणाले. चिन्मयी त्यांची मुलगी, जर्मनीत असते. "रविवारी गोव्याची काही मंडळी मालवणात बोट काढतायत. त्यांच्याबरोबर जातोय. तेवढं एकदा तुमच्या नजरेखालून गेलं असतं तर..."

नागेंद्रनं सूटची बाही चिमटीत धरली. सतरंजीएवढी जाड होती. हा सूट बर्फगार पाण्याचा आहे, मालवणात साठीच्या माणसानं घालायचा नाही, हे त्याला बोटांनीच सांगितलं. मग त्याची नजर काचेच्या कपाटातल्या पिशवीकडं गेली. 'उपेंद्र सबनीस', हिरव्या दोऱ्यात. आपण या माणसासाठी दूध आणून ठेवत होतो, आणि हा तांदळाच्या पिशवीत चोरून दुसरीकडचा माल घेऊन येतो, आणि वर गोव्याच्या बोटीवर निघालाय. त्याला इतकं लागलं की तोंडातून धड रागही बाहेर पडेना.

त्यानं बाही सोडली आणि पाटीकडं बोट केलं.

"सर, तुम्ही तर..." सबनीस सर म्हणू लागले.

"नियम सगळ्यांना सारखा हाय."

सबनीस सरांनी तिन्ही भाषांतली पाटी शाळेतल्या माणसासारखी नीट वाचली. सामान पिशवीत भरलं. चहाला थांबले नाहीत, कुणी थांबा म्हणालंही नाही. मंगल आतल्या दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं.

संध्याकाळी जेवताना तिनं भाकरी वाढली आणि विचारलं, "सूट चिमटीत धरून बघितलासा. काय हुतं त्यात?"

"काय न्हाय."

"काय न्हाय तर मग हात का झटकलासा?"

नागेंद्र खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यानं सांगितलं. सूट लई जाड हाय. त्यात माणूस बोटीवरच उकडून निघतो. पाण्यात गेल्यावर बुचागत तरंगतो, म्हणून कमरेला शिसं जास्त बांधावं लागतं. आणि खोल गेलं की पाण्याच्या दाबानं सूट चेपतो, शिसं तेवढंच राहतं, मग नवशिका दगडासारखा खाली जातो.

मंगलचा हात थांबला. "हे तुम्ही त्यांना सांगितलं न्हाईसा?"

"गोव्याचं लोक बघतील की. ज्यानं भोपळा बांधला त्यानं उतरायचं. मी बांधलेला न्हाय. आत्याचा नियम हाय, माझा न्हाय."

मंगलनं भाकरीची टोपली बाजूला सरकवली. मग म्हणाली, "मला एक सांगा. आत्तींच्या हिरीवर पोरं यायची, ती भोपळा कुठनं आणायची?"

"आपापल्या घरनं."

"मग आत्ती कधी इचारायच्या व्हय, भोपळा कुणाच्या येलाचा म्हणून?"

नागेंद्रच्या हातात घास तसाच राहिला. आत्या विचारायची नाही. पोरगं जो भोपळा आणेल तो घ्यायची, बोटाच्या पेरानं टकटक वाजवून बघायची, कुठं चीर असली तर मेण लावायची आणि बांधायची. शेजारच्या भाऊबंदांचं आणि यांचं बांधावरून वैर होतं, बोलणं बंद होतं, पण त्यांच्या पोराच्या पाठीलाही तिनंच त्यांच्याच वेलाचा भोपळा बांधला होता. हे सगळं त्याला ठाऊक होतं. नियमाचं अर्धं त्यानं दुकानात आणलं आणि अर्धं विहिरीवर ठेवून आला होता.

पण नवरा माणूस, तोही निवृत्त फौजी. बायकोनं बरोबर बोट ठेवलं की आवाज चढतोच. "तुला सोपं हाय बोलायला. माझ्या जागी तू असतीस म्हंजे कळलं असतं. चार महिने वाट बघायची आन् त्यानं दुसरीकडनं आणायचं. आपल्या माणसानं असं केलं की कसं वाटतं, ठावं हाय का तुला?"

"मला ठावं हाय," मंगल म्हणाली. "परशरामअण्णाला बी ठावं हाय."

परशराम तिचा थोरला भाऊ. शहापुरात त्याचा माग आहे. नागेंद्रला आधी काही उमगेना.

"नीलमच्या लग्नातला शालू," ती म्हणाली.

नीलम त्यांची एकुलती मुलगी. भाचीच्या लग्नात अंगावरची साडी मामाच्या मागावरची, ही मंगलच्या माहेरची रीत. पण नीलमला मोबाइलवर एक शालू आवडला आणि नागेंद्रनं, मुलीची हौस म्हणून, तो मागवून टाकला. परशरामला सांगायचं राहूनच गेलं. खरं म्हणजे राहिलं नव्हतं, सांगायला जीभ रेटली नव्हती. त्यानं तोवर तिच्यासाठी माग लावला होता.

"शालू आला तो हळदीच्या दिवशी. पदराच्या दशा सगळ्या मोकळ्या, काठाचे धागे सुटलेले. नेसला असता तर मांडवातच उसवला असता. मी रडायला लागले. अण्णा आला, तुमच्या पंगती चाललेल्या तिकडं. मागच्या खोलीत बसला, आन् सगळ्या दशा वळून गाठी मारल्या, काठ शिवला. त्या शालूला. स्वतः इणलेली साडी घरात घडी घालून ठिवलेली हुती त्यानं."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तो म्हणाला, पावण्यांना सांगू नको, वाईट वाटंल."

नागेंद्रनं भाकरी ताटात ठेवली. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ज्याला वाईट वाटलं तो गप्प बसला, आणि आपण त्या मांडवात 'शालू कसा हाय, बघा' म्हणून परशरामलाच विचारलं होतं. परशराम 'लई छान' म्हणाला होता. ते आठवून त्याला बसल्या जागी शरम वाटली.

सकाळी तो शहापूरला गेला. गल्लीतले बहुतेक माग थांबलेले, दोन-चारच चालू. त्यांतला एक परशरामचा. सुरतेचा माल आल्यापासून या गल्लीला बाहेरच्या मालाचं कुणी काही सांगायला नको. परशरामनं माग थांबवला, घोंगडं झटकून टाकलं. "या पावणं. आज वाट चुकलासा?"

नागेंद्रनं घोळ घातला नाही. पाणबुड्या माणूस, एकदम उडी मारायची सवय. "अण्णा, नीलमच्या शालवाचं काल कळलं मला."

परशरामनं मागाच्या धाग्यावरून उगीच हात फिरवला. "शेवटी मंगीच्या पोटात ऱ्हायलं न्हाय."

"तुम्हाला राग न्हाय आला?"

"आला की. लई आला. आठ दिस जेवण गोड लागलं न्हाय." त्यानं सरळ नागेंद्रकडं बघितलं. "अजून बी हाय थोडा."

"मग गाठी का मारलासा?"

परशरामला हा प्रश्न फारच सोपा वाटला असावा. "शालू दुसऱ्याचा हुता, पावणं. पोरगी माझी हुती."

मग त्यानं आत बघून चहा टाकायला सांगितलं आणि माग पुन्हा चालू केला. त्या खडखडाटात नागेंद्रला डोळे पुसायला बरं पडलं. निघताना त्यानं नीलमची ती घडी घातलेली साडी मागितली. परशराम म्हणाला, पोरगी येऊ दे, तिच्याच हातात देतो. तेही बरोबर होतं.

तिथून नागेंद्र दुकानात आला, कपाटातली हिरव्या नावाची पिशवी घेतली, हत्यारांची थैली घेतली आणि सबनीसांच्या घरी गेला. दार उघडंच होतं. आतून नीलाबाईंचा आवाज येत होता. "अहो हलू नका, चेन अडकलीय."

हॉलमध्ये पंखा पूर्ण सोडलेला आणि पंख्याखाली सबनीस सर. त्या जाड काळ्या सूटमध्ये गळ्यापर्यंत कोंबलेले. चेहरा लालबुंद, कपाळावरून घाम, श्वास वर लागलेला. नीलाबाई मागून चेन ओढत होत्या. नागेंद्र एका ढांगेत पुढं झाला, त्यांचा हात बाजूला केला, चेनची अडकलेली घडी सोडवली आणि एका झटक्यात सूट पाठीवरून मोकळा केला. सर मटकन खुर्चीत बसले. नीलाबाईंनी पाणी आणलं.

घरातच, थंडीच्या दिवसांत, पंख्याखाली ही गत. मालवणच्या उन्हात बोटीवर काय झालं असतं ते नागेंद्रला दिसत होतं आणि काल आपण हे बोललो नाही याची त्याला भीती वाटत होती. राग कुठल्या कुठं मागं पडला होता.

"हा सूट थंड मुलखाचा हाय, सर. मला काल हात लावल्याबरोबर कळलं हुतं. मी सांगितलं न्हाय. चुकलं माझं."

सबनीस सरांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "चूक माझी आधीची आहे. चिन्मयीनं वाढदिवसाला पाठवलं. पोरीनं तिच्या पहिल्या पगारातून... नको कसं म्हणणार? आणि तुमच्याकडं तर पिशवी नाव घालून तयार. तुम्हाला काय सांगावं ते सुचेना, म्हणून यायचंच टाळलं. गोव्याच्या मंडळींकडं गेलो तेही तोंड चुकवायला. जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं हो मी."

"आणि तांदळाच्या पिशवीत," नीलाबाई म्हणाल्या.

नागेंद्रला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं, कारण एक गोष्ट सांगून टाकायची होती. "सर, माझ्याकडनं घ्यायला पाहिजे हुतं. निदान तोंडावर येऊन सांगायला तरी पाहिजे हुतं. मला राग आलाय. अजून बी हाय थोडा."

"असणारच," सर म्हणाले.

"हाय. पण आता उभं ऱ्हावा, माप बघू."

त्यानं सगळं सामान जमिनीवर मांडलं. मुलीनं पाठवलेला मास्क सरांच्या तोंडाला लावला, श्वास ओढायला लावला, चिकटून राहिला. फिन्स बरोबर होते. रेग्युलेटरचं तोंड इकडच्या सिलेंडरला बसणारं नव्हतं, त्याला मध्ये जोड लागणार होता, तो थैलीत निघाला. सूट मात्र नको. हिरव्या नावाच्या पिशवीतला पातळ सूट त्यानं सरांना दिला आणि घालायला सांगितला. बाकीचं चिन्मयीचं, एवढं मंगलच्या पिशवीतलं. मग थैलीतून काढलेला शिशाचा पट्टा त्यानं सरांच्या कमरेला स्वतःच्या हातानं बांधला, वजन कमी केलं, पुन्हा बांधला, बकलमध्ये बोट घालून ओढून बघितलं.

बांधून झाल्यावर तो तसाच गुडघ्यावर बसून राहिला.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"बांधला न्हवं मी," नागेंद्र म्हणाला. "आता रविवारी मला यायला पाहिजे."

आत्याचा नियम सबनीस सरांनी चहाबरोबर अनेकदा ऐकला होता. त्यांनी मान हलवली आणि नीलाबाईंना चहा टाकायला सांगितलं.

रविवारी मालवणच्या धक्क्यावर ऊन चढत होतं. गोव्याच्या मंडळींची बोट तयार होती. बोटीचा म्होरक्या चाळिशीचा, उन्हानं रापलेला. त्यानं येणाऱ्या प्रत्येकाला आपलं सामान वाटलं. नागेंद्र आणि सबनीस सर आपापली पिशवी खांद्याला लावून चढले. दोघांच्या पिशव्यांवर रेशमी दोऱ्यात नावं होती. म्होरक्यानं ती वाचली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. नागेंद्रनं ती आठी लगेच ओळखली. ती रोज त्याला आरशात दिसायची.

"सामान बाहेरून आणलंय तुम्ही?"

"व्हय," नागेंद्र म्हणाला. "बेळगावचं हाय."

"बेळगावात समुद्र कुठून आला?" म्होरक्या हसला, मग गंभीर झाला. "हे बघा काका, आमचं सामान असतं तर गोष्ट वेगळी. बाहेरच्या सामानाची जबाबदारी आमच्यावर नाय. काय कमी-जास्त झालं तर आम्हाला विचारायचं नाय."

एरवी नागेंद्रनं त्याला चार शब्द सुनावले असते. आज त्याला त्या माणसाबद्दल मायाच वाटली. यालाही लोक बोटीवर येऊन हजार शंका विचारत असतील आणि माल दुसरीकडून नेत असतील. याच्याही दुकानात एखादी पाटी असेल.

"तुमच्यावर न्हायच," तो म्हणाला. "ती माझ्यावर हाय."

बोट थांबली. पाणी हिरवं, स्वच्छ, तळाकडं काळसर होत गेलेलं. सबनीस सर काठावर बसले. मिशी नसलेल्या ओठांवर मास्क घट्ट बसला होता, पण दोन्ही हातांनी त्यांनी बोटीचा कठडा धरून ठेवला होता. नागेंद्रनं त्यांचा पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला, रेग्युलेटरला बोटाच्या पेरानं टकटक केलं, आणि त्यांच्या आधी स्वतः पाण्यात उतरला. मालुबाई उभी राहायची तसा तो खाली पाण्यात थांबला आणि हात वर केला.

"या, उपेंद्रअण्णा," तो म्हणाला. "मी खाली हाय."